साखरेची गोळी चालू असताना जत्रेत दोन पेग चालतील का?

तुम्ही लिहिलंय, वडील मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन या दोन औषधांची गोळी घेतात, तासगावकडे गावच्या जत्रेला जायचंय, पाहुणे आग्रह करणार. त्या दिवशी गोळी सोडली तर चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे: पिऊ देऊ नका, आणि पिण्यासाठी गोळी तर मुळीच सोडू नका.

पोट रिकामं असताना रक्तातली साखर यकृत सांभाळतं. दारू पोटात गेली की यकृत तिच्यामागे लागतं, नवी साखर बनवणं मंदावतं. ग्लिमेपिराइड मात्र इन्सुलिन सोडवतच राहतं. त्यात जत्रेत मटणाची पंगत बसते उशिरा, पिणं आधी सुरू होतं. साखर कधीकधी काही तासांनी, झोपेतही उतरते. घाम, थरथर, अडखळतं बोलणं... लोक म्हणतात, "चढलीय, झोपू द्या." मला खरी भीती याचीच वाटते.

अशा वेळी ग्लुकोमीटर (बोटातल्या रक्ताच्या थेंबावर साखर मोजणारं यंत्र) लावा. साखर ७० (mg/dL) च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर मेटफॉर्मिनचा धोका वेगळाच. वडिलांचे रिपोर्ट आम्ही कुणी पाहिलेले नाहीत, त्यामुळे इथल्या कुणाच्या "काही होत नाही"वर जाऊ नका. जत्रेआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि किती पितात ते खरं सांगा.