स्टिक्सला वैतरणी म्हणावं का? आणि तो नावाडी कॅरन की शॅरन?

प्रश्न असा आहे की एका अनुवादात ग्रीकांच्या मेलेल्यांच्या जगातल्या स्टिक्स नदीला सरळ "वैतरणी" करून टाकलंय, ते चालेल का, आणि मेलेल्यांना पलीकडे नेणाऱ्या तिथल्या नावाड्याचं नाव मराठीत नक्की कसं लिहायचं.

माझ्या मते नाही चालणार, आणि कारण फक्त "ती त्यांची, ही आपली" एवढंच नाहीये. वैतरणी ही ओलांडायची नदी आहे, नावातच तरण आहे, म्हणून तर गाईचं शेपूट धरायचं वगैरे. वितरण म्हणजे दान, ते करून जी पार होते ती वैतरणी अशीही पारंपरिक फोड सांगतात. स्टिक्सचं मुख्य काम ओलांडलं जाणं हे नाहीच मुळी. तिचं काम शपथेचं. देवांना शपथ घ्यायची तर स्टिक्सच्या पाण्यावर, हेसिअड हा प्राचीन ग्रीक कवी सांगतो की इरिस ही देवांची दूत सोन्याच्या झारीतून ते पाणी आणते, आपल्याकडे बेलभंडारा उचलतात ना तसंच काहीसं, आणि खोटी शपथ घेणारा देव वर्षभर श्वासाविना निपचित पडतो, त्यानंतर 9 वर्षं देवांच्या सभेत नि मेजवानीत प्रवेश बंद. म्हणजे देवांनाही धाक असलेली एकच गोष्ट. (हा मान तिला का, तर टायटन्स म्हणजे आधीच्या पिढीचे देव, त्यांच्याविरुद्धच्या लढाईत ती आपली पोरं घेऊन सगळ्यात आधी देवांचा राजा झ्यूस याच्या बाजूला आली.) नावाचं नातं "स्टिगेओ" या क्रियापदाशी, अर्थ तिरस्कार करणे, शिसारी येणे.

बाकीच्या नद्यांची नावंही अशीच, भूगोल कमी आणि माणसाचं दुःख जास्त. कोक्युटस म्हणजे आक्रोश, "कोक्युओ" म्हणजे रडून ओरडणे, आता हे वाचून मला आपलं कोकलणे आठवतंच, नातं आहे असं म्हणत नाहीये हं, असले शब्द कुठेही आवाजावरूनच बनतात. फ्लेगेथॉन म्हणजे पेटलेली, जळणारी. याच धातूवरून "फ्लेग्मा", आधी अर्थ दाह, मग शरीरातला कफ, म्हणजे डॉक्टर ज्याला फ्लेम (phlegm) म्हणतात तो घशातला कफ आणि नरकातली आगीची नदी एकाच घरातले. अखेरॉनचा संबंध ग्रीक लोक "आखॉस" म्हणजे दुःख याच्याशी लावायचे, पण तो नुसता ऐकण्यावरून लावलेला असावा.

लेथे मात्र सगळ्यात मजेशीर. लेथे म्हणजे विस्मरण. होमरच्या ओडिसी या महाकाव्यात किर्के ही जादूगारीण नायक ओडिसियसला वाट सांगताना अखेरॉनमध्ये फ्लेगेथॉन आणि कोक्युटस मिळतात, कोक्युटस ही स्टिक्सचीच शाखा, एक खडक आहे तिथे संगम आहे असं सगळं सांगते, पण त्यात लेथे नाहीच. प्लेटोकडेसुद्धा लेथे हे नदीचं नाव नसून रखरखीत माळाचं आहे, तिथल्या नदीचं नाव अमेलेस म्हणजे बेफिकीर, पुन्हा जन्माला जाण्याआधी तिचं पाणी सगळ्यांना प्यावं लागतं आणि ज्यांना पोच नाही ते जास्तच पितात. आपण "आज फार लेथार्जिक वाटतंय" म्हणतो त्यात हीच लेथे बसलीय. लीथल (प्राणघातक) मधली नाही बरं का, तो लॅटिन "लेटुम" म्हणजे मृत्यू, त्यात एक ह नंतर घुसला, कारण लोकांना लेथेच आठवायची. आणि सत्याला ग्रीक शब्द "अलेथेइया", जे विसरलेलं नाही, झाकलेलं नाही ते.

आता तर. कोकणात माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीला तर म्हणतात, ती होडी मेलेल्यांच्या जगात कुठे चालते? जुन्या ग्रीक लेखकांकडे बहुतेक ठिकाणी अखेरॉनवर किंवा तिच्या तळ्यावर. व्हर्जिल हा रोमन कवी अखेरॉन आणि स्टिक्सची दलदल दोन्ही एकाच वर्णनात आणतो, तिथून घोळ वाढला आणि आज सगळीकडे स्टिक्सवरच होडी चालते. भाडं 1 ओबोल, प्रेताच्या तोंडात नाणं ठेवायचे (6 ओबोलचा 1 द्राख्मा, म्हणजे चिल्लरच), अरिस्टोफनीसच्या नाटकात 2 ओबोल घेतलेत. म्हणजे पलीकडे जायला काहीतरी द्यावं लागतं हे दोन्हीकडे आहे, तिथे नाणं इथे गाय, म्हणून वैतरणी वापरायचीच हौस असेल तर ती अखेरॉनला वापरा, स्टिक्सला नको. पण मी तेही करणार नाही. आपली वैतरणा जशी नकाशावर आहे नि मुंबईला पाणी देते, तशी अखेरॉनही वायव्य ग्रीसमध्ये खरोखर वाहते, लोक तिथे राफ्टिंग करतात. स्टिक्स म्हणून ग्रीसमधल्या प्राचीन आर्केडिया प्रांतातला एक धबधबा दाखवतात, त्या प्रवाहाचं आजचं नाव माव्रोनेरी, काळं पाणी.

याच ओघात, हेडीसला, म्हणजे ग्रीकांच्या या मेलेल्यांच्या जगाला, "पाताळ" करतात तेही मला खटकतं. पुराणातलं पाताळ नागांचं, ऐश्वर्याचं, मेलेल्यांचं गाव नव्हे. यमलोक जवळचा शब्द.

नावाड्याचं म्हणाल तर खारॉन लिहा. ग्रीकांचं ते अक्षर प्राचीन उच्चारात चक्क आपला ख होता, इंग्रजांकडे ख नाही म्हणून ते क म्हणतात, आपल्याकडे असताना आपण त्यांच्या वाटेने कशाला जायचं, अखेरॉनमध्येही तोच ख. शॅरन कुठून आलं तर प्लूटोच्या चंद्रावरून. 1978 साली जेम्स क्रिस्टी यांना तो सापडला, बायकोचं नाव शार्लीन, घरात हाक शार, त्यावरून त्यांनी शॅरन बनवलं आणि मग कळलं की या नावाचा नावाडी आधीच आहे आणि तोही प्लूटो या मृत्युदेवाच्याच राज्यातला. त्यामुळे चंद्राबद्दल लिहिताना शॅरन लिहिलंत तर मी तरी चूक काढणार नाही.