मेलेली माणसं घरी परततात ती फ्रेंच मालिका: दुसऱ्या सीझनमध्ये कोडं सुटतं का?

तुम्ही विचारलंय की 'ले रव्हनाँ'चा पहिला सीझन बघून झाला, आता दुसऱ्यात ती माणसं का परत आली ते सांगतात, की नुसतंच लटकवून ठेवतात? थोडं सांगतात, बरंचसं लटकवतात. 'का'च धरून बसलात तर चिडाल. पहिल्यांदा बघितली तेव्हा मीही चिडले होते. दुसऱ्यांदा बघताना 'का' सोडून दिलं आणि मग मालिका आवडायला लागली.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्सच्या कॅनाल प्लस वाहिनीवर २०१२ च्या नोव्हेंबरात ही सुरू झाली. फाब्रिस गोबेर हा कर्ता, पहिल्या सीझनचे आठ भाग, आणि २०१३ साली आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. आल्प्समधलं एक लहानसं गाव, वर धरण. कामीय नावाची पंधरा वर्षांची मुलगी संध्याकाळी डोंगरातल्या रस्त्यानं चालत घरी येते आणि फ्रिज उघडून खायला घेते. चार वर्षांपूर्वी शाळेच्या बसच्या अपघातात ती गेलेली आहे, पण तिला स्वतःला ते माहीत नाही. आई जिन्यावरून आवाज ऐकते, खाली येते आणि किंचाळत नाही. मुलीला घाबरवायचं नाही म्हणून सगळं नेहमीसारखं आहे असं दाखवत राहते. इतकी भीती मला कुठल्या भुताच्या सिनेमात वाटली नव्हती. आणि कामीयची जुळी बहीण लेना? ती आता एकोणीस वर्षांची आहे.

आपल्याकडच्या भुतांशी ताडून बघा. मुंजा, हडळ, समंध, खवीस, ज्याची त्याची जात ठरलेली, राहण्याचं झाड ठरलेलं, आणि प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं असतं. दहाव्याला कावळा शिवत नसला की कुणीतरी पुढं होऊन 'मुलांचं बघू आम्ही' म्हणायचं, मग तो येतो. या मालिकेतल्या मेलेल्यांचं तसं काही राहिलेलं नाही. त्यांना भूक लागते, झोप येत नाही, आणि आपल्या घरी जायचं असतं, बस्स. राहिलंय ते जिवंतांचं. कामीयच्या आईनं तिची खोली होती तशी ठेवलीय, बाप घर सोडून गेलाय, लेना दारूत. आणि हे सगळे चार वर्षांत कसेबसे जरा स्थिरावले असताना दारात ही उभी.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. माझ्या सासरी, इंदुरात रामबागेत, सासऱ्यांचे धाकटे भाऊ १९६९ मध्ये कुणाला न सांगता निघून गेले होते. बारा वर्षं वाट बघितली, मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यांची क्रिया केली. काकूंनी कुंकू पुसलं. चौदाव्या वर्षी ते दुपारी दारात आले आणि आल्या आल्या विचारलं, "माझी सायकल कुठंय?" सायकल कधीच विकली होती. खोलीत पुतणे अभ्यास करत होते. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, तो सासूबाईंनी धावत जाऊन उतरवला. गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. ती त्यांना शेवटपर्यंत 'अहो' म्हणायची, बाबा नाही. काकूंनी परत कुंकू लावायला आठ-दहा दिवस घेतले. का, ते कुणी विचारलं नाही. हे सगळं मी सासूबाईंकडून ऐकलेलं.

आता सिमोनचा भाग आठवा. लग्नाच्याच दिवशी मेलेला हा मुलगा दहा वर्षांनी परत येतो, तेव्हा त्याची नवरी आदेल दुसऱ्याशी लग्न करणार असते आणि घरात सिमोनची मुलगी वाढलेली असते. काकू हयात असत्या तर हा भाग मी त्यांच्याबरोबर बघितला असता. किंवा नसताही, धाडस झालं नसतं.

पाण्याचा अर्थ काय, हेही तुम्ही विचारलंय. जलाशयाची पातळी कारण न कळता उतरत जाते आणि खालचं बुडालेलं गाव वर येतं. हे हवेतून आणलेलं नाही. चित्रीकरण बहुतेक आन्सी आणि आसपासचं असलं तरी धरण तीन्यचं आहे, आणि त्या धरणाखाली जुनं तीन्य गाव १९५२ मध्ये खरंच बुडवलं गेलं. आम्हा माळव्यातल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. खंडवा जिल्ह्यातलं हरसूद २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात गेलं. लोकांनी आपल्या हातांनी घरं पाडली, दारं-चौकटी ट्रॅक्टरवर घालून नेल्या. आमच्या गल्लीत माहेर हरसूदचं असलेल्या एक बाई आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती दिसतात, असं त्या सांगतात, आणि सांगताना 'आमचं घर आहे' म्हणतात, 'होतं' नाही. (ज्या सिनेमावरून ही मालिका निघाली तो रोबँ कांपियोचा सिनेमाही २००४ चाच. योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही.)

दुसरा सीझन तब्बल तीन वर्षांनी, २०१५ मध्ये आला. पुन्हा आठ भाग. जुन्या धरणफुटीची गोष्ट त्यात बरीचशी उलगडते, पण पात्रं वाढलीत आणि घरांतली ती घुसमट पातळ झालीय. व्हिक्टर या गप्प मुलासाठी आणि त्याला घरात ठेवून घेणाऱ्या ज्युलीसाठी मात्र जरूर बघा. त्या दोघांचं जे होतं ते मला पटलं. अमेरिकेनं २०१५ मध्येच याची नक्कल काढली, एका सीझनमध्ये आटोपली. ती सोडलीत तरी चालेल.

बघाल तर फ्रेंचमध्येच, सबटायटल लावून बघा, आणि आवाज कमी ठेवू नका. मॉग्वाई या स्कॉटिश बँडचं संगीत आहे, अर्धी भीती त्यातच आहे. आणि रात्री एकटीनं बघायची हौस असेल तर स्वयंपाकघराचा दिवा आधीच लावून ठेवा. माझा फ्रिज दुसऱ्या भागाच्या मध्येच गुरगुरायला लागला होता.