लॅबच्या पीसीवर अ‍ॅडमिन पासवर्ड नाही, तर पेनड्राइव्हवरून अर्डुइनो चालवता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की डिप्लोमाच्या लॅबमध्ये विंडोज 10 आहे, काहीही इन्स्टॉल करू देत नाहीत, नेट कधी असतं कधी नसतं, आणि घरचा लॅपटॉप रोज नेणं जमत नाही. मी अशाच पीसींवर मुलांना शिकवायला जातो, त्यामुळे विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायची सवय झाली आहे.

अर्डुइनो आयडीई (अर्डुइनो बोर्डाचा प्रोग्रॅम लिहून त्यात चढवायचं सॉफ्टवेअर) 1.8.19 घ्या, तीसुद्धा झिपवाली, इन्स्टॉलर नको. आयडीई 2 वापरायला जास्त सुखाची आहे, पण ती बोर्डांची पॅकेजं त्या पीसीवरच्या युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये टाकते. म्हणजे पीसी बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. झिप पेनड्राइव्हवर उघडा आणि अर्डुइनोच्या एक्झी फाइलशेजारी ‘पोर्टेबल’ नावाचं रिकामं फोल्डर करा. नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं स्मॉल. त्यानंतरच आयडीई पहिल्यांदा सुरू करा.

हा क्रम चुकवू नका. मी एकदा आयडीई आधी चालवली, लायब्ररी टाकल्या आणि फोल्डर नंतर केलं. लायब्ररी घरच्या पीसीच्या डॉक्युमेंट्समध्येच राहिल्या. दुसऱ्या दिवशी वीस मुलांसमोर तापमानाच्या सेन्सरचा प्रोग्रॅम कंपाइल करायला घेतला, तर पहिल्याच ओळीवर ‘नो सच फाइल’. तेव्हापासून मी प्रेफरन्सेसची खिडकी उघडून तळाशी बघतो. तिथे सेटिंग्जच्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. त्यात पेनड्राइव्हचं अक्षर आणि ‘पोर्टेबल’ दिसलं की निश्चिंत.

उनो, नॅनो या अर्डुइनो बोर्डांसाठी लागणारा एव्हीआर कंपायलर (प्रोग्रॅम चिपच्या भाषेत बदलणारा) त्या झिपमध्येच येतो, त्यामुळे लॅबमध्ये नेट नसलं तरी अडत नाही. ईएसपी32 हा वाय-फायवाला बोर्ड वापरणार असाल तर त्याचं पॅकेज घरीच उतरवून घ्या, ते बरंच मोठं आहे. फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, स्पेस नको, आणि फोल्डरात फोल्डर फार नकोत. मराठी नावं मलाही आवडतात, पण पत्त्यात देवनागरी आली की यातली काही टूल्स अडखळतात, आणि एरर वाचून खरं कारण कळतच नाही.

आता खरी अडचण. आयडीई खिशातून नेता येते, ड्रायव्हर नेता येत नाही. तो विंडोजमध्येच बसवावा लागतो आणि तिथे अ‍ॅडमिन लागतोच. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त उनो-नॅनोवर बहुतेक वेळा यूएसबी जोडणीसाठी सीएच340 ही चिप असते. त्या पीसीवर तिचा ड्रायव्हर आधीपासून नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी2.0-सिरियल’च्या पुढे पिवळा त्रिकोण दिसतो, आणि आयडीईच्या पोर्टच्या यादीत बोर्ड येत नाही. केबल बदलून वेळ घालवू नका. लॅब असिस्टंटना भेटून एकदाच तो ड्रायव्हर टाकून द्यायची विनंती करा. सगळी आयडीई बसवा म्हणण्यापेक्षा एक छोटा ड्रायव्हर मागितला तर लोक सहसा तयार होतात, असा माझा अनुभव आहे. मूळ उनो आर3 वर त्या जागी एटीमेगा16यू2 ही चिप असते आणि तिच्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज 10 मध्ये आधीच आहे.

नाहीच जमलं तर रास्पबेरी पाय पिको (अर्डुइनोसारखाच एक छोटा बोर्ड) घ्या. बूटसेलचं बटण दाबून धरून केबल जोडली की ती चक्क पेनड्राइव्हसारखी दिसते. त्यात यूएफ2 फाइल (पिकोत चढवायचं सॉफ्टवेअर) टाकायची, झालं. तुमचा पेनड्राइव्ह त्या पीसीवर चालत असेल तर बहुधा पिकोही चालेल, कारण विंडोजच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. तिच्यात मायक्रोपायथॉन (छोट्या बोर्डांसाठीची पायथॉन भाषा) टाका आणि तिचे प्रोग्रॅम लिहायच्या थॉनी या एडिटरची पोर्टेबल झिप सोबत ठेवा. पुढचं सिरियल पोर्ट विंडोज 10 स्वतःच ओळखतं.

वेगाचं म्हणाल तर स्वस्त पेनड्राइव्हवरून कंपाइल करताना जीव मेटाकुटीला येतो, कारण कंपायलरच्या हजारो बारीक फाइली वाचाव्या लागतात. मी अख्ख्या फोल्डरची एक झिप ठेवतो, लॅबमध्ये डी ड्राइव्हवर उघडतो, आणि निघताना फक्त स्केचबुक (आपल्या प्रोग्रॅमचं फोल्डर) परत कॉपी करून आणतो. पेनड्राइव्ह हरवला तरी तीच झिप घरी असते.

नेण्याआधी वाय-फाय बंद करून, दुसऱ्या कुणाच्या तरी पीसीवर ब्लिंक (एलईडी लुकलुकवणारा नमुना प्रोग्रॅम) चढवून बघा. पोर्टचा नंबर प्रत्येक पीसीवर वेगळा येईल, तो दर वेळी निवडा. आणि तुमच्या बोर्डवर यूएसबी सॉकेटजवळच्या चिपवर काय छापलंय ते कमेंटमध्ये कळवा, म्हणजे ड्रायव्हर लागेल की नाही ते सांगतो.