कृषी सल्ला : करपा ‘निम्म्यावर आला’ असं वहीत लिहिण्याआधी

प्रश्न : आम्ही जुन्नर तालुक्यातला शेतकरी गट. रब्बी कांद्यात दोन औषधांची तुलना केली. दोन्ही प्लॉटमध्ये २०-२० रोपं निवडून करप्याला (पात करपवणाऱ्या रोगाला) ० ते ५ अशी श्रेणी दिली. सरासरी पहिल्यात २, दुसऱ्यात ४ आली. पहिल्या औषधाने करपा निम्म्यावर आला असं म्हणावं का? मोबाइलवरच्या शीटने उसाच्या वाणांच्या रकान्याचीही सरासरी काढली आहे, तिचं काय करायचं?

उत्तर : रोपं मोजून निवडलीत, नोंदी ठेवल्यात, हे फार चांगलं केलंत. अशा वह्या गावोगावी हव्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाणाची सरासरी आधी खोडून टाका. ८६०३२ आणि २६५ ही उसाची नावं आहेत, शेताच्या गट नंबरासारखी. कोणता वाण किती गुंठ्यांवर आहे, एवढंच त्या रकान्यातून काढायचं. खताच्या गोणीवरचं १०:२६:२६ मात्र खरं माप आहे. ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश असतं. गोण्या दोन घेतल्या की हे सगळं दुप्पट होतं.

आता करपा. तुमची श्रेणी म्हणजे पायऱ्या आहेत. ४ ची पात २ पेक्षा जास्त करपलेली, एवढं नक्की. पण प्रत्येक पायरीची उंची सारखी नसते, त्यामुळे ‘निम्मा’ म्हणता येत नाही. ‘पहिल्या प्लॉटमध्ये करपा कमी’ असं लिहा. सरासरी २ कशी आली तेही तपासा. वीसही रोपांना २ असेल तरी सरासरी २, आणि दहा रोपांना ० व दहांना ४ असेल तरीही २ च. दुसरा प्रकार असेल तर मी आधी ४ ची ती दहा रोपं कुठे आहेत ते पाहीन. सगळी पाणी साचणाऱ्या सखल कोपऱ्यात असतील, तर औषध बदलण्याआधी निचरा करावा लागेल. म्हणून ० ची किती रोपं, १ ची किती, असं मांडा. चढत्या क्रमाने लावून मधल्या, म्हणजे दहाव्या-अकराव्या रोपाची श्रेणी पाहा.

आकड्यांचे असे चार प्रकार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडले : नाव (उसाचे वाण), क्रम (करप्याची श्रेणी), अंतर आणि गुणोत्तर (गोणीतलं वजन). अंतराचं उदाहरण तापमानाचं. २० अंशांपेक्षा ४० अंश म्हणजे दुप्पट उष्णता नव्हे, कारण ० अंशालाही उष्णता संपलेली नसते. पावसाचं तसं नाही. ० मिमी म्हणजे पाऊस नाहीच, म्हणून ४० मिमी हा २० च्या दुप्पट.

माती परीक्षणातल्या सामूला (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) विशेष जपा. ७.५ आणि ८.५ मध्ये फरक एकाचा दिसतो, पण हायड्रोजन आयनांच्या हिशेबात तो दहापट असतो. सामूची टक्केवारी काढू नका.

औषधाचा फरक पटीत सांगायचाच असेल तर काढणीला दोन्ही प्लॉटमधला एकेक गुंठा वेगळा ठेवा. पात कापून, गोल्टी (बारीक कांदा) बाजूला काढून काट्यावर वजन करा. एकीकडे २०० आणि दुसरीकडे २५० किलो भरलं, तर सव्वापट म्हणायला हरकत नाही. ती वजनं आणि वीस-वीस रोपांचं पान घेऊन या, आपण एकत्र बसून पाहू.