रामायण-महाभारतातलं शहाणपण टीम सांभाळताना खरंच उपयोगी पडतं का?

तुम्ही लिहिलंय की साहेब दर मीटिंगला 'कर्मण्येवाधिकारस्ते' ऐकवतात आणि पगारवाढीचा विषय निघाला की फोन उचलतात. आता तुम्हीच टीम लीड झालात, तर या जुन्या ग्रंथांतून घेण्यासारखं काही आहे का, असा तुमचा प्रश्न. आहे, भरपूर आहे. फक्त तुमच्या साहेबांनी ते उलटं धरलंय.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो ४७वा श्लोक लोक अर्धाच म्हणतात. त्याचा शेवट आहे 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', म्हणजे काही न करता बसून राहण्याचाही मोह नको. हे अर्जुनाला सांगितलंय, लढू की नको या पेचात अडकलेला असताना. हाताखालच्यांचा मोबदला लांबवायला त्याचा काडीचाही आधार नाही. मोबदल्याबद्दल वेगळं आणि अगदी रोखठोक लिहिलेलं आहे.

वाल्मीकिरामायणातल्या अयोध्याकांडाचा शंभरावा सर्ग उघडा. भरत चित्रकूटावर रामाला भेटायला येतो. राम त्याला जवळ घेतो आणि राज्यकारभाराबद्दल प्रश्नांची सरबत्ती सुरू करतो. सल्लामसलत एकट्यानेच करत नाहीस ना? आणि फार जणांना घेऊनही नाही ना? थोडक्या कष्टात मोठा लाभ देणारं काम एकदा ठरलं की लगेच हाती घेतोस ना, रेंगाळत नाहीस ना? हजार मूर्खांपेक्षा एक जाणता माणूस बरा, हे तुला पटतं ना? मग सैन्याचा विषय: धान्य आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना, रखडवत नाहीस ना? लगेच कारणही येतं. वेळ टळली की चाकर धन्यावरच चिडतात, बिघडतात, आणि त्यातून मोठा अनर्थ होतो. महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराला जवळपास हेच विचारतो. हे सगळे प्रश्न खुर्चीवर बसणाऱ्याला आहेत, खालच्याला एकही नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर यातले दोन प्रश्न मी रोजच्या कामात वापरतो. निर्णयाच्या मीटिंगचं निमंत्रण पाठवण्याआधी नावांची यादी पुन्हा वाचतो. ज्याने नुसतं ऐकायचं आहे त्याचं नाव काढतो आणि नंतर त्याला टिपण पाठवतो. दुसरं, टीमची प्रवासखर्चाची बिलं. माझ्या मंजुरीला आलेलं बिल शुक्रवारी लॉगआउट करण्याआधी मोकळं करतो. पोरांनी हॉटेलचे पैसे स्वतःच्या कार्डावरून भरलेले असतात आणि बँकेची तारीख आपल्या सवडीसाठी थांबत नाही. यात अध्यात्म वगैरे काही नाही, पण टीममधली निम्मी कुरबुर अशाच ठिकाणी जन्माला येते असं माझं मत आहे.

उद्योगपर्वातली विदुरनीतीही वाचा, पण सुभाषितं म्हणून नको, प्रसंगासकट वाचा. धृतराष्ट्राला झोप लागत नाही म्हणून तो विदुराला बोलावून घेतो. विदुर सांगतो, गोड बोलणारे केव्हाही मिळतात. कडू पण हिताचं बोलणारा दुर्मीळ आणि ते ऐकून घेणाराही दुर्मीळ. धृतराष्ट्र सगळं ऐकतो, पटतं म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी पुन्हा फिरते. फीडबॅकचे फॉर्म भरून घेऊन कपाटात टाकणारे वरिष्ठ पाहिले की मला हाच आठवतो.

मात्र सरसकट सगळं उचलू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्र्यांना गुपचूप आमिषं दाखवून त्यांची निष्ठा पारखायची पद्धत आहे, वर्णानुसार कमीजास्त होणारे दंड आहेत. ते त्या काळाच्या राजांचं राहू द्या. त्यातलं 'प्रजेच्या सुखात राजाचं सुख' एवढं घेतलं तरी पुष्कळ.

आणि साहेबांना श्लोकाने उत्तर द्यायला जाऊ नका, वाद वाढेल. पगारवाढीचं बोलायला जाताना वर्षभरात पार पाडलेल्या कामांची यादी हातात ठेवा, आणि निर्णय कधीपर्यंत कळेल ती तारीख मागा.