पन्नास वर्षांनंतरचं कुणालाच सांगता येत नाही, तर परिसंस्थांचे अभ्यासक भविष्याचे सिनॅरिओ का मांडतात? भारतात असं करता येईल का?

पुढच्या आठवड्याचा पाऊस नीट सांगता येत नाही आणि हे लोक २०७० सालचं तळं रंगवतात, ही तुमची शंका रास्त आहे. पण सिनॅरिओ मांडणारा 'असं होईल' म्हणतच नाही. लोक असे वागले आणि हवामान असं बदललं तर तळ्याचं काय होईल, एवढंच तो विचारतो. मुद्दाम एकमेकांशी न जुळणारी तीन-चार चित्रं शेजारी ठेवतो आणि त्यातलं कुठलं खरं ठरेल याची टक्केवारी लावत नाही.

मला सर्वात पटलेलं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं आहे. मॅडिसन शहराला लागून मेंडोटा तलाव आहे. तो हिवाळ्यात कधी गोठला आणि कधी मोकळा झाला, याच्या नोंदी १८५०च्या दशकापासून आहेत. भोवताली दुभत्या गाईंचे गोठे आणि मक्याची शेतं. शेणखतातला फॉस्फरस पावसाबरोबर आणि वितळत्या बर्फाबरोबर तलावात उतरतो आणि उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाचा हिरवा तवंग येतो. इथल्या संशोधकांनी 'याहारा २०७०' नावाचे चार सिनॅरिओ केले; याहारा ही या तलावातून वाहणारी नदी. स्थानिक लोकांशी बोलून आधी चक्क गोष्टी लिहिल्या. एकीत विषारी शेवाळामुळे माणसं प्रदेश सोडून जातात, दुसरीत तंत्रज्ञान वेगाने पुढे जातं, तिसरीत लोकांची जगण्याची मूल्यंच बदलतात, चौथीत सरकार पाण्याचा कारभार पाणलोटांनुसार नव्याने बांधतं. मग प्रत्येक गोष्टीतली जमीन, खत आणि पाऊस आकड्यांत बसवून संगणकाच्या मॉडेलला दिले.

खरी गंमत इथे आहे. दीर्घकाळच्या मोजणीमुळे माहीत होतं, की वर्षभराच्या फॉस्फरसचा मोठा वाटा मोजक्याच मुसळधार दिवसांत वाहून येतो. मॉडेलमध्ये दिसलं, की जास्त खत आणि जास्त अतिवृष्टी एकत्र आल्या तर होणारं नुकसान दोन्हींच्या वेगवेगळ्या नुकसानाच्या बेरजेपेक्षाही मोठं असतं. शिवाय मातीत आधीच साठलेला फॉस्फरस खत कमी केल्यावरही वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतो. म्हणजे आज चांगला निर्णय घेतला तरी तलाव लगेच सुधारणार नाही. हे लोकांना आधी सांगितलं नाही, तर पाच वर्षांत योजनेच्या नावाने खडे फोडले जातील.

अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड फॉरेस्टने, म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्या जंगल-संशोधन केंद्राने, २०१४ साली त्या राज्यासाठी २०६०पर्यंतचे चार सिनॅरिओ प्रसिद्ध केले. त्यातलं एक मला फार आवडतं. 'प्रदेश स्वावलंबी झाला तर' हे ऐकायला किती छान वाटतं! पण अन्न आणि इंधन जवळच पिकवायचं म्हटलं की जंगल साफ होऊ लागतं. उलट, लाकूडतोड वाढवली पण ती विचारपूर्वक केली आणि घरं दाटीने बांधली, त्या चित्रात एकंदर फायदा सर्वात जास्त निघाला. नुसतं चर्चेत बसून मला हे सुचलं नसतं.

मर्यादाही मोठ्या आहेत. मेंडोटात २००९ साली काटेरी पाणपिसू हा परका जीव सापडला. शेवाळ खाणाऱ्या डॅफ्निया नावाच्या बारीक पाणजीवांचा त्याने फडशा पाडला आणि पाण्याची पारदर्शकता सुमारे एक मीटरने घटली. असला पाहुणा कुठल्याही चित्रात आधी घालता येत नाही. म्हणून मोजणी थांबवून नुसते सिनॅरिओ करत बसणं मला फुकट वाटतं. प्रत्यक्षात आपण कुठल्या चित्राकडे सरकतोय हे मोजणीशिवाय कळणार कसं?

भारतात अशा दीर्घ मोजणीचा पाया आहे. तमिळनाडूत मुदुमलईच्या जंगलात ५० हेक्टरच्या तुकड्यात १९८८पासून एक सेंटीमीटर किंवा अधिक जाडीच्या प्रत्येक खोडाची नोंद ठेवली जाते. वणवा, हत्ती, घाणेरी (लँटाना हे पसरणारं परकं झुडूप) आणि कमी-जास्त होणारा पाऊस, अशी सिनॅरिओला लागणारी सगळी पात्रं तिथे हजर आहेत. सह्याद्रीत कुणी असं करायला घेतलं, तर माझी एकच अट असेल: पहिल्या बैठकीला गुरं चारणारे, वनरक्षक आणि रिसॉर्टवाले हवेत, मॉडेल करणारे दुसऱ्या बैठकीला आले तरी चालतील. घाणेरी किती वाढली की गुरांची वाट बदलते, हे गुराख्याला विचारल्याशिवाय मॉडेलमध्ये कुठला आकडा घालणार?