क्रॉस-कंपाइलला मराठीत काय म्हणायचं?

फोंड्याहून प्रश्न आलाय. प्रोजेक्ट रिपोर्ट मराठीत लिहायचाय, लिनक्सच्या लॅपटॉपवर बसून फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी प्रोग्रॅम तयार केलाय (यालाच क्रॉस-कंपाइल म्हणतात), तर क्रॉस-कंपाइलला ‘तिरकस संकलन’ लिहू की ‘परसंकलन’, आणि ‘होस्ट’ला यजमान चालेल का.

‘तिरकस’ अजिबात नको, इथला क्रॉस हा रस्ता क्रॉस केला यातला, पलीकडे जाण्याचा. ‘परसंकलन’ परगाव-परदेशाच्या चालीवर बरं वाटतं, पण वाचणारा म्हणेल दुसऱ्याच कोणीतरी केलेलं संकलन. नुसत्या कंपायलरला, म्हणजे आपल्या कोडचा मशीनला चालवता येईल असा प्रोग्रॅम बनवणाऱ्याला, ‘संकलक’ मात्र मला मनापासून आवडतो, कारण अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरबाईंचा १९५२ सालचा ए-० हा प्रोग्रॅम, ज्याला त्यांनी कंपायलर म्हटलं, तो आधीच लिहून टेपवर ठेवलेले प्रोग्रॅमचे तुकडे नंबरावरून गोळा करून जोडायचा, म्हणजे खरोखरच संकलन.

माझं मत विचाराल तर क्रॉस-कंपाइल तसंच ठेवा, कारण त्यातला खरा अर्थ मराठीत ‘वर’ आणि ‘साठी’ सांगतात. म्हापशाचा टेलर शर्ट शिवतो म्हापशात, घालणारा असतो कुवेतला, तो माणूस समोर नसतो म्हणून घरचे त्याचा मापाचा जुना शर्ट आणून देतात. आपण कंपायलरला सिसरूट नावाचं फोल्डर देतो ते म्हणजे हाच मापाचा शर्ट, फ्रीबीएसडीच्या हेडर फायली आणि लायब्रऱ्या, त्या नाही दिल्या तर कंपायलर आपल्या लिनक्सच्याच मापाने शिवायला बघतो.

आणि तयार झालेला प्रोग्रॅम लिनक्सवर चालवून बघू नका. मी बघितलेला, प्रोसेसर तोच, फायलीचा ईएलएफ फॉरमॅट तोच, तरी टर्मिनल सांगतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, आणि फाइल तर डोळ्यासमोर! अख्खी संध्याकाळ गेली तेव्हा कळलं की सापडत नव्हता तो लोडर, प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या जोडून देणारा. प्रोग्रॅमच्या पोटात फ्रीबीएसडीच्या लोडरचा पत्ता लिहिलेला असतो, लिबएक्झेक फोल्डरमधला, आणि लिनक्सवर त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही.

आता यजमान. कंपाइल करण्याआधी चालवतात त्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये ‘बिल्ड’ म्हणजे जिथे कंपाइल होतं ते मशीन, ‘होस्ट’ म्हणजे तयार प्रोग्रॅम जिथे चालणार ते, आणि ‘टार्गेट’ लागतो तो आपण कंपायलरच तयार करत असलो तर. बहुतेक जण आपल्या लॅपटॉपलाच होस्ट समजतात आणि तिथेच गडबड होते. यजमान शब्द इथे उलट मदतच करतो, सत्यनारायण ज्याच्या घरी तो यजमान, तसा प्रोग्रॅम ज्याच्या घरी जाऊन राहणार ते मशीन यजमान, म्हणजे तुमच्या बाबतीत फ्रीबीएसडीवालं. तेव्हा यजमान बिनधास्त लिहा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे बाजूला होस्टही लिहा.

रिपोर्टात वाक्य असं येऊ दे: ‘हा प्रोग्रॅम लिनक्सवर फ्रीबीएसडीसाठी क्रॉस-कंपाइल केला.’ ‘लिनक्सवरून फ्रीबीएसडीवर कंपाइल केला’ असं नको, त्यातून तुम्ही लिनक्सवरून लॉगिन करून त्या मशीनवरच कंपाइल केलंत असा अर्थ निघतो.